अकरा गैरहजर

पणजी,
२३ जानेवारी १९८४

ति. गुरुदादास,
शालिनीचा सा. नमस्कार.

मावशीचा गुडघा कसा आहे? तेल लावते की नुसतंच कपाटात ठेवून देते?

हे पत्र घरचं आहे, पण विषय ऑफिसचा आहे. यंदा आमच्याकडे सातवीच्या मुलांच्या विज्ञानाची पाहणी चालली आहे हे तुला ठाऊकच आहे. तिसवाडी, पेडणे आणि डिचोली मिळून चाळीस शाळा, सगळीकडे एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका. मग तक्ते: कुठल्या तालुक्याची मुलं पुढे, मुलगे की मुली, शेतकऱ्यांची की नोकरदारांची, इथली की बाहेरून आलेल्यांची. ते तक्ते करायचं काम माझं.

तुझ्या शाळेचे पेपर तपासून झाले. सरासरी शंभरात चव्वेचाळीस. आठवीचा वर्ग मागणाऱ्या शाळांपैकी ज्यांची सरासरी चाळीस किंवा वर असेल त्यांनाच यंदा परवानगी द्यायची असं खात्याने ठरवलं आहे. म्हणजे तुझी आठवी आल्यासारखीच. डिचोलीची शाळा नऊ किलोमीटर, रस्त्याला खनिजाचे ट्रक, बसचा नेम नाही, म्हणून सातवी झाली की बाप मुलींना घरी बसवतात, हे मी तुझ्या तोंडून दर चतुर्थीला ऐकत आले आहे. त्यामुळे आकडा बघून मला किती बरं वाटलं ते सांगायला नको.

पण दादा, पटावर अडतीस मुलं आणि पेपर सत्तावीस. अकरा गैरहजर. त्या अकरांच्या पालकांचा धंदा तुझ्याच अक्षरात लिहिलेला आहे: खाण मजूर किंवा ट्रक ड्रायव्हर. मूळ गाव सावंतवाडी, कुडाळ, बांदा. एक दशांशाहून जास्त मुलं आली नाहीत तर कारण लेखी लागतं. आजार असेल तर चालतो. दुसरं काही असेल तर त्या मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. तुझ्या फॉर्मवर कारणाची ओळ कोरी आहे. विसरला असशील. काय लिहू ते कळव.

तुझी,
शालिनी


सर्वण,
२७ जानेवारी १९८४

चि. सौ. शालिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मावशी तेल कपाटात ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते. गुडघ्याला तिने स्वतःच परवानगी नाकारली आहे.

चव्वेचाळीस वाचून मी पत्र घेऊन थेट शाळेत गेलो आणि बाकीच्या दोघा मास्तरांना दाखवलं. आठवीच्या खोलीसाठी गावकऱ्यांनी चिरे आणून टाकले आहेत. जनेल कुठल्या बाजूला ठेवायचं यावर कालच भांडण झालं. खाणीच्या बाजूला ठेवलं तर सगळी धूळ आत येते. मी सांगितलं, आधी भिंत तर उभी करा.

कारण राहून गेलं हे खरं. खाणीखालच्या झोपड्यांत गोवराची साथ होती. तू गोवर लिही. लहानपणी आंब्याच्या वाटण्या करताना तू बाठेसुद्धा मोजायचीस, ती सवय ऑफिसात उपयोगी पडते आहे म्हणायची.

सगुणरावांना नमस्कार.

गुरुदास


पणजी,
१ फेब्रुवारी १९८४

ति. गुरुदादास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. 'गोवर' हा शब्द मी फॉर्मवर पेन्सिलीने लिहिला आणि लगेच खोडला. त्याआधी जानेवारीच्या हजेरीचा उतारा काढून बघितला होता. तो तुझ्याच शाळेतून येतो, अनुदानाच्या कागदांबरोबर. परीक्षा गुरुवारी बारा तारखेला. अकराला ती अकरा मुलं हजर, तेरालाही अकराच्या अकरा हजर. दादा, एका दिवसाचा गोवर मी कधी ऐकलेला नाही.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "लिहून टाक की. कुणाचं नुकसान आहे त्यात?" रात्री डायरीत लिहिलं: नुकसान कुणाचं ते माहीत नाही म्हणून खोटं लिहायचं, की माहीत नाही म्हणूनच लिहायचं नाही? हा प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या शाळेसाठी स्वतःला विचारला असता का? नसता. सरळ पुन्हा परीक्षा लावली असती. मग मावसभावासाठी वेगळं माप कसं लावू?

मंगळवारी, चौदा तारखेला, मी स्वतः येते आणि त्या अकरा जणांची परीक्षा घेते. साहेबांना एवढंच सांगितलं आहे की गैरहजेरीचं कारण पुरेसं नाही. तू त्यांना का ठेवलंस याचा मला अंदाज आहे. पण ती मुलं कमीच पडणार हे तू परीक्षेआधीच कसं ठरवलंस? मला तसं वाटत नाही.

रागावू नकोस.

शालिनी


सर्वण,
५ फेब्रुवारी १९८४

शालिनीस,

हो, मीच ठेवलं. बुधवारी शाळा सुटताना अकरा जणांना थांबवलं आणि सांगितलं, उद्या तुम्हाला सुट्टी. दहाजण ओरडत पळाले. भिकाजी ड्रायव्हरची पार्वती तेवढी दारात थांबली. "आमकाच कित्याक सर?" मी म्हटलं, जा घरी, पाणी भर. गेली.

तुला तसं वाटत नाही म्हणतेस. तू पणजीला बसून काय वाटून घेशील? या पोरांनी चार वर्षांत तीन शाळा बदलल्या आहेत. ठेकेदार जिकडे कामाला नेतो तिकडे झोपड्या जातात. काहीजण तर चतुर्थीनंतर आले. पृथ्वी फिरते हे त्यांना माहीत आहे, पण का फिरते ते आधीच्या शाळेत राहिलं. त्यांना परीक्षेला बसवलं तर सरासरी चाळीसच्या खाली जाते. हा हिशेब मी तुझ्याआधी केला होता.

आणि आठवी कुणासाठी मागतो आहे मी? गावातल्या शेतकऱ्यांची मुलगी डिचोलीला आत्याकडे राहू शकते. कारापुरात मामा असतो, कुणीतरी असतं. भिकाजीला इथे कोण आहे? ही आठवी आली नाही तर गावातल्या निम्म्या मुली कशातरी शिकतील, आणि त्या अकरांतलं एकही पोर शिकणार नाही. म्हणून त्यांना एक दिवस बाहेर ठेवलं. तुझ्या मापात हे बसत नसेल, तर माप तुझं आहे.

ये मंगळवारी. अकराही जण बसतील. मी आता खोटं सांगणार नाही, पण तू काय करते आहेस हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

गुरुदास


पणजी,
२० फेब्रुवारी १९८४

ति. दादा,

चौदा तारखेचं तू पाहिलंच आहेस, तरी माझ्या बाजूने लिहिते.

पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव मी वाटेत घेतले होते. ते परीक्षेआधी दिले, कारण तीन मुलं काहीच न खाता आली होती. तू म्हणालास, "पेडण्याच्या शाळांतपण वाटलेस की काय?" नाही वाटले. तेव्हापासून तोही प्रश्न मनात आहे. सगळ्यांना एकच माप म्हणत आले आणि उंडे फक्त इथे वाटले.

भिकाजीचं बोलणं तू आत होतास म्हणून नीट ऐकलं नसशील. पार्वतीला ट्रकमधून उतरवून तो व्हरांड्यात आला आणि मला म्हणाला, "बाय, त्या दिसा येव नको म्हणान सांगलास, आज या म्हणान सांगतास. आमची पोरां म्हणजे काय भजनातले टाळकरी, कमी पडले काय बोलवूचे?" मी म्हटलं, चूक आमची झाली. तो म्हणाला, "चूक तुमची, पेपर आमच्या पोरांचो." पार्वती त्याला "बाबा, जावा हो तुमी, हॉर्न वाजतत" म्हणून ढकलत होती.

आता निकाल. अकरा जणांचे मिळून तीनशे पंधरा गुण. आधीच्या सत्तावीस जणांचे अकराशे अठ्ठ्याऐंशी. अडतीस मुलांची सरासरी साडेएकोणचाळीसच्या किंचित वर. चाळीसला सतरा गुण कमी पडतात. अडतीस मुलांत मिळून सतरा.

मला एक विचारायचं आहे आणि ते विचारताना लाज वाटते. एक चार गुणांचा प्रश्न होता: गढूळ पाणी भांड्यात रात्रभर न हलवता ठेवलं तर सकाळी काय दिसेल, कारण लिहा. समुद्रकाठच्या मांद्र्याच्या शाळेत जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं, गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. तुझ्या आधीच्या सत्तावीस जणांतही बहुतेकांनी. या अकरांतल्या नऊ जणांनी मात्र लिहिलं, पाणी सकाळीही तांबडंच दिसेल. नऊ जणांची एकच चूक. मी समासात 'नक्कल?' असं लिहिलं आहे. बाकं लांब होती, मी समोर होते, तरी लिहिलं आहे. त्यांना आधी कुणी काही सांगितलं होतं का?

शालिनी


सर्वण,
२५ फेब्रुवारी १९८४

शालिनीस,

सोमवारी सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे बाटली पाठवतो आहे, ऑफिसच्या पत्त्यावर. खाणीखालच्या झोपड्यांत पिण्याचं पाणी येतं त्या ओहोळाचं पाणी आहे. वरच्या वाड्यावर विहिरी आहेत, तिथलं पाणी निवळतं. म्हणून आधीच्या सत्तावीस जणांना ते जमलं. झोपड्यांतली पोरं खनिजाचा गाळ धुऊन येतं ते पाणी भरतात. त्यांच्या आया तुरटी फिरवतात तेव्हा ते बसतं, नाहीतर बसत नाही. तुझ्या मांद्र्यात वाळू आहे, वाळू घटकेत खाली जाते.

नऊ जणांनी नक्कल केली नाही. नऊ जणांच्या घरी एकच बालदी आहे, असं समज. नऊ चोक छत्तीस, तुला हवे सतरा.

बाटली मेजावर ठेव आणि बघ. ही पोरं इथे आल्यापासून मीच त्यांना विज्ञान शिकवतो आहे. गाळ खाली बसतो हे मीच फळ्यावर लिहून दिलं आहे. एकानेही मला कधी सांगितलं नाही की सर, आमच्याकडे बसत नाही. आणि मी कधी विचारलं नाही. हे तुला लिहितो, कारण दुसरं कुणी ऐकणारं नाही.

गुरुदास


पणजी,
१९ मार्च १९८४

ति. दादा,

तीन आठवडे लिहायला धजले नाही. आता लिहिते, जसं झालं तसं.

बाटली सोमवारी मिळाली. मी ती खिडकीत ठेवली. मंगळवारी सकाळी पाणी तांबडं होतं. बुधवारीही तांबडं. तळाशी बोटभर गाळ, वर अक्षरशः चहाचा रंग. तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. आठवी मिळणाऱ्या शाळांची यादी त्यांच्या टेबलावर होती हे मला माहीत होतं, गुरुवारी वर जाणार हेही माहीत होतं.

पण मला वाटलं, दोन दिवसांवरून बोलणं बरोबर नाही. आठवडाभर बघू, पक्कं होऊ दे. मावसभावाच्या शाळेसाठी मी घाई केली असं कुणी म्हणायला नको. बुधवारच्या डायरीत माझ्या अक्षरात आहे: 'अजून एक दिवस बघावा.' गुरुवारी यादी गेली.

पाच मार्चला मी बाटली घेऊन मधुकरसाहेबांसमोर उभी राहिले. पाणी अजून तांबडंच होतं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "बाई, एका शाळेसाठी उत्तर बदललं तर चाळीस शाळांचे पेपर पुन्हा तपासावे लागतील. आणि विज्ञान काय गावागावाला वेगळं असतं?" मी म्हटलं, विज्ञान एकच आहे, पाणी वेगळं आहे. ते म्हणाले, "हे तुम्ही यादी जायच्या आधी का नाही सांगितलंत?"

मी बाटली उचलून परत माझ्या खिडकीत नेऊन ठेवली.

तुझ्या शाळेचं नाव यादीत नाही. अकरा जणांना बसवलं नसतं तर असतं. बसवून त्यांचं उत्तर वेळेवर वाचलं असतं तरी असतं. दोन्हीकडे आड आली ती मी.

समासातला 'नक्कल?' मी खोडला आहे. शाईने.

शालिनी


पणजी,
९ जुलै १९८४

ति. दादा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मावशीकडून कळतं की तू बरा आहेस. पेपरांच्या पुनर्तपासणीसाठी मी अर्ज केला आहे, लेखी, बाटलीच्या नोंदीसह. 'पुढील वर्षी विचार करावा' असा शेरा आला. शाळा सुरू होऊन महिना झाला. त्या मुलांचं काय झालं, तेवढं तरी कळव. मला रागाने लिहिलंस तरी चालेल.

शालिनी


सर्वण,
१८ नोव्हेंबर १९८४

शालिनीस,

राग नव्हता. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. सातवी झालेल्या अडतीस जणांतली चौदा डिचोलीला जातात, त्यांत मुली तीन. बाकीच्या गावातल्या मुली घरी आहेत. त्या अकरांतलं डिचोलीला कुणी गेलं नाही. मुलगे गॅरेजवर, ट्रकवर क्लीनर. मुली पाणी भरतात, धाकट्यांना सांभाळतात.

जूनमध्ये मी झोपड्यांत गेलो होतो. भिकाजी म्हणाला, "सर, एकदा येव नको सांगलास, एकदा बोलवलास, दोनदा नको झाला. आता धाकट्यांक पण कित्याक धाडू?" मी त्याला तुझ्या बाटलीबद्दल सांगितलं, की पार्वतीचं उत्तर खरं होतं. तो हसला. "ता आमका ठाऊकच आसा. तुमका आता कळला?"

सहावीतली त्यांची नऊ मुलं दिवाळीनंतर शाळेत आलीच नाहीत. नंतर ठेकेदाराने माणसं दुसऱ्या खाणीवर हलवली, झोपड्यासुद्धा गेल्या. आता तिथे नुसते चुलीचे दगड आहेत. आणलेले चिरे पावसात हिरवे झाले.

गुरुदास


पणजी,
११ एप्रिल १९८५

ति. दादा,
सा. नमस्कार.

परवानगीचं पत्र तुला आठवड्याभरात मिळेल. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. यंदाच्या पाहणीत तुझ्या सातवीची सरासरी शेहेचाळीस आली. जूनपासून आठवी सुरू करता येईल.

पुन्हा वाचून घेतलं आहे, चूक नाही. चोवीस मुलं पटावर, चोवीसही हजर. गढूळ पाण्याचा प्रश्न यंदा काढून टाकला आहे. माझ्या अर्जाचा तेवढाच परिणाम झाला. तो असता तरी तुझ्या चोवीस जणांनी बरोबर लिहिला असता, सगळे विहिरीवरचे आहेत.

अहवालात साहेबांनी एक वाक्य घातलं आहे: खाणपट्ट्यातल्या एका शाळेने वर्षभरात साडेसहा गुणांची उल्लेखनीय प्रगती केली. मी म्हटलं, ही प्रगती नाही, मुलं गेली आहेत. ते म्हणाले, "मग तसं दाखवणारा आकडा द्या." तसा आकडा माझ्याकडे नाही. मी फक्त हजर असलेल्यांचे तक्ते करते. बाहेरून आलेल्यांची मुलं, या रकान्यात तुझ्या शाळेपुढे काहीच लिहायचं नव्हतं. शून्य लिहायचं नसतं, कारण शून्य म्हणजे मुलं होती पण गुण मिळाले नाहीत. तिथे आडवी रेघ मारतात. मी पट्टी ठेवून मारली आणि अहवालावर सही केली.

सही न करण्याचाही विचार केला. पण मग आठवी पुन्हा राहिली असती, आणि गावातल्या त्या मुलींनी काय केलं आहे? मी बरोबर केलं की नाही ते मला ठरवता येत नाही. गेल्या वर्षी मात्र मला सगळं ठरवता येत होतं.

पार्वती कुठे आहे, काही कळतं का? एक वर्ष गेलं म्हणून बिघडत नाही. तिचं सातवीचं प्रमाणपत्र चालतं. तिला शोध.

शालिनी


सर्वण,
२ जून १९८५

चि. शालिनीस,
आशीर्वाद.

आठवीचा वर्ग दहा तारखेला सुरू होतो आहे. एकोणीस मुलं, त्यांत अकरा मुली. दोघी गेल्या वर्षीच्या, घरी बसलेल्या. गावकऱ्यांनी तुला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचं ठरवलं आहे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो, आठवीसाठी फळा आणायला. फळा हातगाडीवर बांधून होत होता तेवढ्यात मागून कुणीतरी "सर" म्हणालं. पार्वती. कडेवर कुणाचं तरी गोरंगोमटं बाळ, हातात भाजीची पिशवी. म्हापशात एका घरी असते, मूल सांभाळते. बाप आता दुसऱ्या खाणीवर, महिन्यातून एकदा येतो. उंच झाली आहे. तोंड फिरवेल असं वाटलं होतं मला. तिने फिरवलं नाही. बाळाला म्हणाली, "हे आमचे सर. रडलस तर अंगठे धरूक लावतीत."

मग तिने फळ्याकडे बघितलं.

"सर, आमची आठवी इली?"

शालू, परवानगीचं पत्र माझ्या खिशात होतं. फळ्याच्या दुकानदाराला सवलतीसाठी दाखवायला घेतलं होतं. हो म्हटलं असतं, तर ती पुढचा प्रश्न विचारणार हे मला माहीत होतं. कशी इली? कोणाक घेतलास? तुझ्या पत्रातलं ते वाक्य, तिला शोध, तेही माझ्या डोक्यात होतं. ती समोर उभी होती, शोधायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "नाय गो. हा फळा सातवीचाच, जुना फुटला."

तिने मान हलवली. बाळ रडायला लागलं, तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"येयत तेवा सांगा हां सर," ती म्हणाली. "मी हयच आसय."

गुरुदास